हलकं काम

तोकमोक
१४ मे २००९

चि. सोनून,

तू, कुबात, मुलं, मेंढ्या, सगळे सुखरूप ना? हिवाळ्याने किती कोकरं नेली ते कळव. आमच्याकडे ठीक. दारातलं जर्दाळू यंदा भरभरून फुललं. नंतर गारा पडल्या, तरी खायला पुरेल एवढं फळ धरलंय. गाय व्याली. कालवड आहे आणि स्वभावाने तुझ्यावर गेली आहे. बांधली की रडते.

तू ट्रकवाल्याबरोबर पाठवलेले लोकरीचे मोजे पानगळीतच मिळाले. उजवा घालून घालून टाचेला विरला. डावा अजून कोरा आहे.

हिवाळाभर फोनवर तू थोरल्या बहिणीला विचारत होतीस, "एजे, बरी आहेस ना?" आणि मी दर वेळी तुला गाईचं सांगत होते. फोनवर तू मधेच रडतेस, मग मी ओरडते, आणि सांगायचं ते राहून जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. टपालाचा घोडा आता जायला लागला आहे. शिवाय तुमची खिंड महिनाअखेरीला गाड्यांना उघडेल आणि तू पहिल्याच गाडीत बसशील. दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आधी कारखान्यातलं सांगते, कारण बाकीचं त्यातच आहे.

मी युनियनची सचिव होते तेव्हा कामगारांच्या करारात एक कलम घालून घेतलं होतं, आठवतं? कामगाराला अपंगत्व आलं तर त्याला काढू नये, हलकं काम द्यावं. तुझ्या लग्नात मी ते पाहुण्यांना वाचून दाखवलं, असं तू अजून चारचौघांत सांगतेस. दाखवलं होतं. मला त्याचा अभिमान होता. 'हलकं काम' हे शब्द माझे नव्हेत, आपल्याकडे जुन्या काळापासून कागद तसेच लिहितात. बाई गरोदर आहे, हलकं काम द्या. पाठ धरली आहे, हलकं काम द्या. हलकं म्हणजे वजनाला की मानाला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

फेब्रुवारीत ते कलम आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुखबाईला लागू झालं. म्हणजे मला.

आता खाली बस. नोव्हेंबरात थांब्यावर बर्फावरून घसरले, मिनीबस निघत होती, चाक डाव्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. जखम भरली आहे, झोप येते, भूक लागते. खिंड बंद होती. कळवलं असतं तर तू कुबातला घोड्यावरून बर्फात घातलं असतंस, आणि मला दोघांची काळजी करावी लागली असती. रडायचं असेल तर इथे रडून घे. मग तोंड धू आणि पुढे वाच, कारण पुढचं हसण्यासारखं आहे.

दवाखान्यातून आल्यावर आमचा संचालक तिलेक स्वतः घरी आला. त्याच्या आईने तळलेले पिठाचे बोर्सोक घेऊन आला. पोरगा वाईट नाही, कारखान्यातल्या सगळ्यांसारखा तोही मला एजेच म्हणतो. कुबड्यांकडे बघायचं टाळत म्हणाला, "एजे, करारात आहे तसंच करू. कुणी काही बोलायला नको. तुमचंच तर वाक्य आहे." आणि मला कोट ठेवायच्या खोलीत बसवलं. खुर्ची, शेगडी, चहाची किटली. बायका सकाळी येऊन कोट देणार, मी बिल्ला देणार. संध्याकाळी बिल्ला घेणार, कोट देणार.

सोनून, मी संस्थेत शिवणकामाचं तंत्र शिकले ते बिल्ले वाटायला नव्हे. घरी बसायला पेन्शन मिळालं असतं, तुझ्याकडे येऊन दूध तापवत बसता आलं असतं. मला त्यातलं काही नको होतं. मला माझं तपासणीचं टेबल हवं होतं, आणि ते वरच्या मजल्यावर होतं. माझ्याच कलमाने मला त्याच्यापासून तोडलं होतं.

पण डोळे तर घरी ठेवून येता येत नाहीत. कोट हातात आला की मी शिवण बघायची. कुणाचं अस्तर काखेत सुटलेलं, कुणाच्या काजाला टाके कमी. कोट परत देताना मी तेही सांगायची. पहिल्या आठवड्यात बायका चिडल्या. इस्त्रीवरची झूरा, तुला माहीत आहे ती, आडवीतिडवी आणि तोंडाची फाटकी, तिने सगळ्यांना सांगितलं की अनारकानकडे कोट द्यायचा तर आधी दुरुस्त करून आणा. पण मार्चपर्यंत त्या कोटाखाली लपवून अर्धवट शिवलेला माल आणायला लागल्या. "एजे, जरा ही कॉलर बघा." "एजे, खांदा ओढतोय का?" दुपारच्या सुट्टीत माझ्या खिडकीपुढे रांग लागायची. तिलेकने एकदा येऊन विचारलं की एवढ्या बायकांना भरदुपारी थंडी कशी वाजते. झूरा म्हणाली, वय झालं आमचं, साहेब.

मग नोव्होसिबिर्स्कच्या गिऱ्हाइकाकडून गठ्ठा परत आला. बायकांचे हिवाळी कोट. दोन्ही बाह्या डाव्या.

हसू नकोस. हस. कापडाचे थर सुलट्याला सुलटं लावून पसरायचे, हे कटाईवर पहिल्या दिवशी शिकवतात. कुणीतरी घाईत सगळे थर एकाच तोंडाने पसरले, आणि सगळ्या बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. शिवणाऱ्या मुली नव्या. त्यांनी त्या ओढूनताणून बसवल्या आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या तपासनिसाने शिक्का मारला. माझ्या हाताखालून गेलं असतं तर पहिल्या जोडीलाच सापडलं असतं. झूरा भर कॅन्टीनमध्ये म्हणाली, "कोटांना दोन-दोन डावे हात आणि आमच्या अनारकानला डावा पायच नाही. वरच्याने हिशेब इथेच जुळवला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. खरं सांगते, पाय गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा पोटभर हसले. मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी तिलेक तसला एक कोट घेऊन माझ्या खिडकीशी उभा राहिला. मी सवयीने त्याला बिल्ला दिला. त्याने तो घेतलाही.

"एजे, वर कधी येता?"

"जिना चढायला मला अजून दोन महिने लागतील. शिवाय करारात हलकं काम आहे."

"मग काय करू?"

"तो शब्द काढ. आणि टेबल खाली आण. टेबलाला जिना उतरायला काही होत नाही."

तो म्हणाला की तपासणी फार जड काम आहे, तुम्हाला त्रास होईल, लोक मला नावं ठेवतील. मी आतून हिशेबनिसाचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, फेब्रुवारीपासून असले कोट मी एका पायावर उभी राहून खुंटीला लावले, ते हलकं. डोळ्यांनी बाही बघायची, ते जड. हे गणित तुला कोणत्या शाळेत शिकवलं?

त्याने कोट दोन्ही हातांवर तोलून बघितला. मग म्हणाला, "खरंच जड आहे हो."

करार एप्रिलमध्ये नव्याने व्हायचाच होता. सभेत माझ्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला. काही जुन्या लोकांना 'हलकं काम' सोडवेना. त्यांना वाटलं मी एक सवलत काढून घेते आहे. मी सांगितलं की ज्याला हवं त्याने ते मागून घ्यावं, पण ते कुणाच्या डोक्यावर ठेवू नये. शेवटी असं लिहिलं: कामगाराला अपंगत्व आल्यास त्याचं काम त्याचंच राहील, ते करता यावं म्हणून जागा, साधनं आणि वेळा कारखाना बदलेल, दुसरं काम फक्त कामगाराने स्वतः मागितल्यास. झूराने दोन्ही हात वर केले. अध्यक्षांनी सांगितलं की एकच मत धरलं जाईल, तर म्हणाली, धरा, पण डावा धरा.

टेबल आता तळमजल्यावर आहे, कटाईच्या शेजारी. मला चाकांची उंच खुर्ची दिली आहे, आणि गठ्ठे माझ्याकडे ढकलगाडीतून येतात. कटाईवाल्यांना हे आवडलेलं नाही. पूर्वी त्यांची चूक मला जिना उतरून सांगावी लागायची, आता जागेवरून ओरडता येतं.

बिश्केकहून नवा पाय आला आहे. करकरतो. मी येते हे मुलींना लांबून कळतं आणि गप्पा बंद होतात, तेवढा फायदा. मागच्या सोमवारी मी फाटकापासून टेबलापर्यंत कुबड्यांशिवाय गेले. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी दटावलं, यंत्रं चालू ठेवून कुठे उभ्या राहता म्हणून. तेव्हा झूरा म्हणाली, नव्या पायाने पहिली पावलं टाकली, मग पोरांची कापतात तशी हिची तुशू, घोट्यांची दोरी, कापायला हवी, नाहीतर चाल सुटायची नाही. मी म्हटलं, एकसष्ट वर्षांची बाई मी, लाज नाही वाटत? तिने तोवर काळी-पांढरी लोकर शोधून आणली होती. तिलेकही म्हणाला, अंगणात गाड्या लावू नका, पळायला जागा लागेल.

मी त्यांना थांबवलं आहे. त्याचं कारण तू.

तू चालायला लागलीस तेव्हा आईने तुझ्या घोट्यांना असाच दोरा बांधला होता. अंगणातली सगळी पोरं शर्यतीत पळाली, पहिली मी आले म्हणून दोरा मी कापला. तू लगेच तोंडावर आपटलीस, न रडता उठलीस आणि चालायला लागलीस. न रडल्याची ती तुझी पहिली आणि शेवटची वेळ. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते म्हणतात. तू माझ्यासारखीच तरतर चालतेस, सगळे म्हणतात.

आता मला ती चाल परत हवी आहे. खिंड उघडली की ये. मला घेऊन जायला येऊ नकोस, पळायला ये. सपाट बूट आण. झूरा रोज काम सुटल्यावर अंगणात सराव करते, आणि ती जिंकली तर उरलेलं आयुष्य मी बदकासारखी चालेन. दोरा मी स्वतः वळून ठेवला आहे. कात्री माझी, कटाईची, कालच धार लावली.

मोजेही आण. जोडीच आण, एक नको.

दोन्ही पायांवर उभी राहून तुझी वाट बघणारी,
तुझी एजे
अनारकान