अकरा घरं, एकच पत्ता

४ फेब्रुवारी

चि. वकीलबाई हिला आत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तू म्हणशील, आत्याने फोन का नाही केला. फोनवर बोललेलं हवेत जातं, आणि मला हे कागदावर हवंय. शिवाय बोलताना रडू फुटलं असतं.

आमचा जिना झाडणारी बाई तुला आठवत असेलच. लहानपणी तूच तिला ‘वादळ’ म्हणायचीस, आता सगळी इमारत तेच म्हणते. पत्र्याच्या गोदामामागे तिची वस्ती, अकरा घरं. रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेने घरं खाली करायला सांगितलंय. पंधरा वर्षांहून जास्त राहात असल्याचा पुरावा दिला तर हलवता येत नाही म्हणे. वादळ कागदांची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, मुलीच्या शाळेचा दाखला, सगळं जपून ठेवलेलं. आणि प्रत्येक कागदावर पत्ता आमच्या घराचा!

हे माझंच काम गं. त्यांच्या दारांना नंबर नाहीत, म्हणून पोस्टमन तिकडे फिरकत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी वादळ म्हणाली, बाई, माझ्या आईचं पत्र तुमच्या पत्त्यावर मागवू का. मी म्हटलं, मागव की. मग तिची शेजारीण आली, मग तिची जाऊ, असं करत अकराही घरं आमच्या पत्त्यावर आली. मला बाई कौतुकच वाटायचं, पत्रपेटी कशी भरलेली! आता पाहणी करणारा साहेब म्हणतो, कागदावर तुम्ही त्या इमारतीत राहता, इथे तुमचं काय काम? पुढच्या सोमवारी सुनावणी. मी चांगलं करायला गेले आणि बिचाऱ्यांची घरं कागदावरून पुसून बसले. सकाळी देवापुढे बसले, पण मान वर होईना.

तुझ्या मोफत कायदा केंद्राबद्दल वादळला सांगितलं. ती म्हणाली, फुकटचा वकील म्हणजे पलीकडच्यांचाच वकील. तूच काय ते समजाव.

हे मजेत आहेत, चष्मा शोधताहेत. चष्मा डोक्यावरच आहे, पण एवढ्यात सांगणार नाही.

उत्तर ताबडतोब पाठव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चहा तसाच टाकून उठले. आधी रडणं थांबव. वादळबाईंना सांग, हा वकील फुकटचा असला तरी तुमच्याच आत्याबाईंची भाची आहे, फितूर झाली तर कान पिरगाळायला घरचीच माणसं आहेत. गरिबाला वकील मिळणं हे कुणाचे उपकार नव्हेत, त्यांचा हक्क आहे. आमचं केंद्र कचेरीच्या वेळात उघडं, आणि त्या वेळी ह्या बायका कामावर, म्हणून चूक आमचीही आहे. रविवारी मीच येते. तुमच्या जिन्यावर बसू, सगळ्यांना बोलाव.

आता एक विचारते, नीट आठवून सांग. आलेली पत्रं तू त्यांना द्यायचीस कशी? दूधवाल्याने अर्धा लिटर कमी घातलं तरी वहीत तारीखवार लिहिणारी माझी आत्या, दुसऱ्याचं टपाल नोंद न करता देईल यावर माझा विश्वास नाही.

आतोबांना सांग, चष्मा डोक्यावर आहे.

तुझ्या आशीर्वादावर जगणारी,
वकीलबाई


८ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

अगं, आहे! वही आहे! एक नाही, चार आहेत! स्वयंपाकघरातल्या वह्या कोर्टात कोण दाखवतं, म्हणून मला सुचलंच नाही.

दिवसा त्या कामावर, म्हणून संध्याकाळी मीच देवळातून येताना वस्तीत पत्रं देऊन यायची. दारांना नंबर नाहीत, मग उद्या चुकायला नको म्हणून वहीत लिहायचे: अमुक तारीख, अमुक बाईचं पत्र, नळापासून तिसरं दार, निळा पत्रा, हातात दिलं. पुढे तिची सही किंवा अंगठा. देवाशपथ, एकही नोंद सुटलेली नाही.

पण आता ऐक माझी शहाणपणाची गोष्ट. पहिली वही, म्हणजे नेमकी जुन्या वर्षांची, सापडेचना. ट्रंक उपसली, माळा उपसला. शेवटी ह्यांनी विचारलं, कपाटाच्या फळ्यांवर कागद कसले घातलेस? मी पहिला डबा उचलून पाहिला, तर वहीचंच पान! जाड, चांगला कागद वाया जायला नको म्हणून पाच वर्षांपूर्वी मीच ती वही उसवून डब्यांखाली अंथरली होती!

सगळे डबे खाली काढले. हे पीठ पुसत पानं काढताहेत, मी तारखा लावतेय. वादळ आली, तिने कंबर कसली आणि अर्ध्या तासात सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. सत्तावन्न पानं मिळाली. पण पहिलंच पान नव्हतं, वादळच्या आईच्या पत्राचं. तिची पुढची पत्रं पंधरा वर्षांच्या आतली, त्याआधीचा तिचा पुरावा एवढाच. बाकी दहा घरं वाचतील आणि जिच्यापासून सुरुवात झाली तीच जाईल, या विचाराने मी रिकामे डबेसुद्धा पुन्हा उलटे करून पाहिले. वादळ मात्र म्हणाली, बाई, तेलाची बरणी उचलली का? उचलली. खाली पान! तेलाने पार चिंब, पण अक्षरं उठून दिसताहेत. कोपऱ्यात तिचा अंगठा. तिने स्वतःचा अंगठा त्यावर ठेवून पाहिला आणि इतकी हसली, इतकी हसली, की मलाही हसू आवरेना.

रविवारी ये. जिना आजच धुवून ठेवलाय.

प्रेम आहेच, ते येताना दुप्पट घेऊन ये.

तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तू साक्ष दिलीस आणि बस चुकेल म्हणून निकाल न ऐकताच पळालीस! अशी साक्षीदार मी पाहिली नाही. आमच्या केंद्रात दोन दिवस दुसरा विषय नाही.

नगरपालिकेच्या वकिलांनी तुला विचारलं, ही अकरा कुटुंबं तुमच्या घरी राहतात ना? तू म्हणालीस, दोन खोल्या आहेत साहेब, दीर मुक्कामाला आले की आमचे हे गॅलरीत झोपतात, अकरा कुटुंबं काय डब्यांच्या फळीवर ठेवू? न्यायाधीशांनी फाइल तोंडासमोर धरली ती उगाच नाही. पानावरच्या डागाबद्दल नगरपालिकेच्या वकिलांनी शंका काढली तेव्हा तू पान पुढे करून वास घ्या म्हणालीस. घेतला त्यांनी! मग विचारलं, दुसऱ्यांच्या पत्रांचा इतका लेखाजोखा ठेवायचं कारण काय. तू म्हणालीस, परक्याची वस्तू माझ्या घरी आली, ती पोचली की नाही हे देवाने विचारलं तर मी काय सांगू? त्यावर त्यांनी आपले कागद आवरले. तुला सुचलं ते मला पाच वर्षं शिकून सुचलं नसतं.

आता निकाल, उभी असशील तर बस. अकराही घरं राहणार! न्यायाधीशांनी लिहिलंय की टपाल दुसरीकडे येत असलं तरी माणसं कुठे राहात होती ते या वह्यांतून दिसतं. रस्ता पलीकडच्या मोकळ्या बाजूने वाढवायचा, आणि महिन्याभरात नगरपालिकेने वस्तीतल्या दारांना नंबर घालायचे. वादळबाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग मला म्हणाल्या, फुकटचा वकील बरा निघाला.

आता दर रविवारी केंद्र जिन्यावर भरणार, आमच्या केंद्राच्या साहेबांनी मंजुरी दिली. पलीकडच्या वस्तीतल्या सात बायका आत्ताच नाव लावून गेल्या.

लाड असेच चालू ठेव.

तुझी वकीलबाई


२० मार्च

चि. वकीलबाईस खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

काल, आठवडाभर उशिरा का होईना, दारांना नंबर लागले! पांढऱ्या रंगात, हाताएवढे मोठे. वादळचं दार एक नंबर. रंगवणाऱ्याने आकडा जरा तिरका काढला तर तिने पुसून पुन्हा काढायला लावला. मी प्रसादाची साखर वाटली, अकरा घरी चिमूट चिमूट, आणि रंगवणाऱ्यालाही.

एकच तक्रार आहे. पोस्टमन अजून सवयीने सगळं टपाल माझ्याच पेटीत टाकतो. म्हणतो, बाई, तुम्ही देताच की. मी म्हटलं, आता नाही देणार. त्याची तिकडे पायवाट पडेपर्यंत काहीतरी करायला हवं. तर तुझं पुढचं पत्र माझ्या पत्त्यावर पाठवू नकोस. असं लिही: आत्याबाई, मार्फत वादळ, घर नंबर एक, गोदामामागची वस्ती.

वादळने नवी वही आणलीय. म्हणते, तुमचं पत्र आलं की हातात देईन, पण बाई, आधी अंगठा.

तिथेच वाट बघते.

तुझी आत्या