येतो म्हणा

६ जानेवारी
आजपासून मी माणिकपूरच्या डायलिसिस सेंटरची किडनीतज्ज्ञ! एमबीबीएस, एमडी, मग डीएम. बाबा विचारायचे, आता काय देवाचीच परीक्षा उरली का? घरातली पहिली पदवीधर मी, त्यांना तरी काय कल्पना असणार. आईचे लाडू प्रिस्का सिस्टरनी सगळ्यांना वाटले. डॉक्टर फार बारीक आहेत, म्हणून मला दोन.

९ जानेवारी
इथे पेशंट आला की आधी वजन. किडनी निकामी झाली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. वजन जेवढं वाढलं, तेवढं पाणी मशीनने काढायचं. तिसऱ्या खुर्चीवरचे श्रीपतकाका मिठागरात राबलेले. त्यांचं वजन दर वेळी जास्त. मी रागावले तर म्हणाले, पोरी, मीठ पिकवनाऱ्यालाच पानी नाय का? सगळे हसले. मी नाही हसले. त्यांच्या बायकोला, शकूमावशींना बजावलं: पाणी म्हणजे यांना विष, मागितलं तरी द्यायचं नाही. माझी शपथच घातली.
निघताना काका ‘जातो’ म्हणाले. मला कसंसंच झालं. ‘येतो’ म्हणा, असं मीच सांगितलं. लहान मुलासारखे म्हणाले, येतो.

१४ जानेवारी
काका गेले. शकूमावशी स्वतः सांगायला आल्या. शेवटी सारखं पानी पानी करत होते, पन मी नाय दिला, डॉक्टरबाय, तुमची शपथ पाळली. जाताना तोंडात थेंबही घातला नाय. शाबासकी मिळेल अशा नजरेने बघत होत्या.
मी मान हलवली.

१७ जानेवारी
तिसऱ्या खुर्चीखालची फरशी ओली. पाइप कुठेच गळत नाही. पुसली तरी पुन्हा ओली. वाळते तिथे पांढरं उमटतं. बोटाने चाखलं. मीठ.
मला सारखी तहान लागतेय. एसीमुळे असेल.

२० जानेवारी
चपला पायात शिरत नाहीत. पेशंटच्या पायावर बोट दाबून बघते, तसं स्वतःच्या दाबलं. खळगा तसाच राहिला. कालपासून लघवी नाही. रक्ताचा रिपोर्ट आला – वरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. माझंच आहे. दोन्ही किडन्या निकामी. कारण सापडत नाही.
आईला काय सांगू?

२१ जानेवारी
रिकामी होती ती तिसरी खुर्चीच. मशीनच्या नळ्या जोडून प्रिस्का सिस्टरनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. डॉक्टर, तुमचाच नियम. किती मायेने म्हणाल्या –
जीभ खारट.

२३ जानेवारी
आडवं झालं की बुडाल्यासारखं – श्वास –
दुपारी वजनकाट्याचा आकडा वाढला. वर कोणीच नव्हतं. मग ओली पावलं – एकेक – माझ्या खुर्चीकडे –

२४ जानेवारी
आलेत. मीच म्हणायला लावलं होतं.
हातात काठोकाठ तांब्या. मी प्यायले तर फुप्फुसात – मला ठाऊक आहे – एक घोटही –
रागावलेले नाहीत. डोक्यावरून हात फिरवतायत. कोनी नाय देनार तुला, मी देतो म्हणतायत. घे पोरी, पानी –
मी फक्त ओठ ओले