फळ्यावर बाबांचं नाव

४ डिसेंबर २०२१

फळा लागला! मासेमारीच्या म्युझियममधली इंटर्नशिप संपायच्या आत एक तरी गोष्ट माझी झाली. डच किनाऱ्यावर बुडालेल्या मच्छीमारांची नावं इथे भिंतीवर कोरलेली आहेतच. आता त्यांच्या शेजारी, इतर किनाऱ्यांसाठी, काळा फळा आणि खडू. कुणीही यावं, आपल्या बुडालेल्या माणसाचं नाव लिहावं. समुद्र एकच आहे ना!

आमच्या प्रमुख मारायके म्हणाल्या, "पहिलं तूच लिही."

लिहिलं – मोहन, हर्णे, २००९. मराठीत. बाबांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी कधी लिहिलंच नव्हतं. फोटो काढून स्टेटसला टाकला.

५ डिसेंबर

आईचा फोन नाही. रविवार असून.

६ डिसेंबर

मालिनीकाकीचा फोन. "अगं, काय करून ठेवलंस! कालपासून बायका येताहेत तुझ्या आईकडे. गळ्यात पडून रडताहेत."

आधी कळेचना. मग कळलं.

वादळात होडी गेली, बाबा सापडले नाहीत. आईनं कुंकू पुसलं नाही. एक वटपौर्णिमा चुकवली नाही. कुणी विचारलं की "समुद्रावर गेलेत" एवढंच. ते गेले असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलेलं नाही – आणि मी त्यांना बुडालेल्यांच्या फळ्यावर चढवून मोकळी! वर फोटो!

आईला फोन केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "शिकलीस ना तू. घरातली पहिली. तुला कळलं असेल. आम्हाला बारा वर्षांत नाही कळलं." मग – "बाजारात पाटी घेऊन बसले तर गिऱ्हाईक मासळीकडे नाही, माझ्या कपाळाकडे बघतंय."

१० डिसेंबर

एका बेल्जियन आजींनी फळ्यावरच्या अक्षरांजवळ बोट नेऊन विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

माहीत नाही!! मास्क होता म्हणून तोंड तरी झाकलेलं होतं.

१७ डिसेंबर

मारायकेंना सगळं सांगितलं. नाव काढायचं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी आईला विचार." मी म्हटलं, विचारण्यासारखं काय उरलंय? म्युझियम उघडायच्या आत ओल्या फडक्यानं पुसलं. 'मो' जाईना, दोनदा घासावं लागलं. स्टेटस तर चोवीस तासांत आपोआपच गेलं होतं.

आईला सांगायला हवं. धीर झाला की.

१८ डिसेंबर

सरकारनं जाहीर केलं, उद्यापासून पुन्हा लॉकडाऊन. म्युझियमही बंद. किल्ली देऊन टाकली. सामान बांधते, उद्या लायडनला, युनिव्हर्सिटीत परत.

१९ डिसेंबर

आईचा फोन. आपणहून!

"काल तुझ्या काकांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. माणूस बारा वर्षं आला नाही की करतात ना, तसा. मीच म्हटलं, करा. तुझ्यावर रागावले होते गं. पण मग वाटलं, नाव लिहिलंस तर कुठेतरी टेकले एकदाचे. तो फळा दाखव ना फोनवर. हात जोडायचेत मला."

"म्युझियम बंद आहे, आई," मी म्हटलं.

तेवढंच म्हटलं.