आईला रोज फोन करणारी ज्योती

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. भिंगार.

आले बाई एकदाची. एक ट्रंक, एक गादी, गॅसची छोटी शेगडी आणि ही वही. खोली छबूबाईंच्या घरामागे आहे. वर पत्रा असला तरी खिडकी पूर्वेला आहे आणि नळाला सकाळी दोन तास पाणी असतं, म्हणजे राजेशाहीच. छबूबाईंनी सामान खाली ठेवायच्या आत विचारलं की लग्न का न्हाई केलं. मी सांगितलं, माझं तोंड कुणाला झेपत नाही. त्या म्हणाल्या, मंग आपलं जमंल.

चौदा वर्षं श्रीरामपुरात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. जूनमध्ये तुकडीच बंद झाली. आता अडतिसाव्या वर्षी नवी नोकरी, तीही आवाजाची. उद्यापासून नगरच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बसून वाक्यं वाचायची. मुलांवर ओरडून कमावलेला आवाज शेवटी कामी आला म्हणायचा.

आई घरीच राहिली. काचबिंदूने तिची नजर गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माणसं ती आवाजावरून ओळखते. चल म्हटलं तर म्हणते, इथली भिंत न् भिंत मला माहीत आहे, तुझ्या भिंगारात मी मोरीत जाऊन पडेन. शेजारच्या जहिराभाभी दुपारचा डबा देणार आहेत. मी दर रविवारी जाणार. जिवाला घोर आहे, पण दोन तासांचा तर रस्ता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. भिंतींना गोधडीसारखं जाड कापड ठोकलेली एक खोली, त्यात मी आणि माईक. कंपनी परदेशातली, नाव घ्यायला जीभ वळत नाही. ती ‘सोबत’ नावाचा एक डबा विकते. एकट्या म्हाताऱ्या माणसांशी तो डबा बोलतो, औषधाची आठवण करतो, फोन लावून देतो. त्याला आपल्या जिल्ह्याची मराठी हवी आहे, फार पुणेरी नको आणि फार गावरानही नको. आई, जेवलीस का. आई, गोळी घेतलीस का. अशी शेकडो वाक्यं. हसून वाचा, हळू वाचा, काळजीने वाचा. रागावून वाचा असं मात्र कुणी म्हणत नाही, आणि मला तर तेच फुकटात येतं.

आमचा साहेब सुश्रुत, पुण्याचा पोरगा, दर दोन शब्दांना मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी त्याने टॅब पुढे केला होता. चाळीसेक पानं इंग्रजी, खाली ‘मान्य’. मी चौदा वर्षं पोरांना सांगत आले की प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, आणि स्वतः एक ओळ न वाचता बोट टेकवलं. मागे रांग होती. मराठीच्या बाईंना एवढं इंग्रजी झेपत नाही, हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. खरं ते लिहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर. श्रीरामपूर.

कंपनीने प्रत्येकाला घरच्यांसाठी एक डबा भेट दिला. मी आईकडे घेऊन आले. दिसायला पितळी डब्याएवढा, आत बॅटरी आणि स्वतःचं सिमकार्ड. आईचा मोबाईल त्यालाच जोडला, म्हणजे तिला बटणं चाचपत बसायला नको. डब्याने दहा-बारा गोष्टी विचारल्या, आई प्रत्येकीला हो हो म्हणाली. आत कुणा परक्या बाईचा आवाज होता, फार गोड. आईने तिला चहा विचारला. मी आणि जहिराभाभी पोट धरून हसलो.

चर्चहून आल्यावर आईला जेवू घातलं आणि संध्याकाळच्या एसटीने निघाले. आज बऱ्याच दिवसांनी मन हलकं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या घरी जाणं नाही, जादा रेकॉर्डिंग आहे. सांगायला आईला फोन लावला तर चार वेळा लाईन गुंतलेली. लागला तेव्हा ती म्हणाली, अगं दुपारीच तर बोललो सगळं. मी म्हटलं, दुपारी मी कामावर होते. ती हसली. म्हणाली, हल्ली तू फार गोड बोलतेस हो ज्योती, आधी नुसती फणकारायचीस.

वय झालंय, दिवस मिसळतात. पण ते गोडाचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जहिराभाभींचा फोन. त्यांनी विचारलं की रोज दुपारी तास-तासभर आईशी बोलायला तुला सुट्टी मिळते तरी कशी.

मी गेल्या आठवड्यात आईला तीन फोन केले. तिन्ही रात्री आठला, दोन-दोन मिनिटांचे.

भाभी म्हणाल्या, त्यांनी स्वतः ऐकलंय. आई जेवत असते आणि डब्यातून मी बोलत असते. तोच आवाज, तीच खोकण्याची सवय. फक्त चिडत नाही. आई तीच गोष्ट पाचव्यांदा सांगते आणि ती पाचव्यांदाही, हो का गं, म्हणते.

मी कधी म्हटलं होतं शेवटचं, हो का गं? आठवत नाही. आज ताटावरून उठले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सुश्रुतला धरलं. तो दचकलासुद्धा नाही. प्रगतिपुस्तक दाखवावं तसा स्क्रीन दाखवला. ही म्हणे सुविधा आहे, जवळच्या माणसाचा आवाज. पूर्वी माणसं डब्याशी दिवसाला अकरा मिनिटं बोलायची, आता सव्वा तास. माझ्या आईचा आलेख सगळ्यात उंच. मी विचारलं, कुणाच्या परवानगीने. म्हणाला, मॅडम, तुम्ही मान्य केलंय, पान एकतीस. आणि तुमच्या आईसुद्धा हो म्हणाल्या.

मी म्हटलं, माझी आई त्या डब्याला चहासुद्धा विचारते, तिच्या हो ला काय अर्थ आहे. माझा आवाज काढून टाका. तो म्हणाला, तसं बटणच नाही. मग मी हॉलमध्ये उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं पान एकतीस मराठीत समजावून सांगितलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. आज लाज वाटली नाही. चौघी जणी माईक सोडून उठल्या. मला ओळखपत्र काढून ठेवायला सांगितलं. मी ते टेबलावर आपटलं.

नोकरी गेली. आवाज तिथेच राहिला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आईचा फोन सकाळपासून गुंतलेला. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर लावला.

मीच उचलला.

म्हणजे माझा आवाज. नमस्कार, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. शाळेत पोर पडलं की मी ज्या सुरात बोलायचे, तोच सूर.  तरी नेटाने सांगितलं, मी ज्योती, माझा आवाज बंद करा. तिने ओळख पटवायला एक वाक्य म्हणायला लावलं. म्हटलं. ती म्हणाली, क्षमा करा, आपला आवाज ज्योती यांच्या आवाजाशी जुळत नाही.

तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी ओरडले. ती म्हणाली, आपण रागावल्या आहात, मी समजू शकते.

तुझ्या नानाची टांग, समजू शकते म्हणे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आईचा फोन लागला. बोलली ती, माझ्या आवाजातली. आई झोपली आहे, नंतर करा. मला. माझ्या आईबद्दल.

मागोमाग भाभींचा फोन. आईने कालपासून दार उघडलेलं नाही. जेवणाचा डबा परत. आतून सांगते की ज्योतीने बजावलंय, कुणीतरी बाई माझा आवाज काढून फिरते आहे, कुणालाही घरात घेऊ नकोस, भाभींनासुद्धा नको. भाभी रडत होत्या. आई बिस्किटांवर आहे.

म्हणजे मी कालच्या फोनवर जे जे सांगितलं, ते तिने आईला सांगितलं. फक्त नावं उलटी करून.

छबूबाई म्हणाल्या, फोनवर कसली भांडती, ऊठ आन् जा. पहाटेची गाडी धरते. माझा आवाज घेतलात. आई देणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. श्रीरामपूर. सकाळी नऊ.

दार बंद. हाक मारली. आई, मी ज्योती.

आतून माझा आवाज. आई, उघडू नकोस, तीच आली आहे.

आई दाराशी आली. पावलं ऐकली. कोण म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, कंपनी, डबा, पान एकतीस, भडाभडा, दारावर हात आपटत. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, माझी ज्योती आता अशी ओरडत नाही.

आणि आत गेली.

अकरा वाजता

भाभींच्या नवऱ्याने, गनीभाईंनी, मीटरजवळचा फ्यूज काढला. उपयोग नाही, डब्याला बॅटरी आहे. उगाच आत अंधार झाला, तेवढा मात्र आईला कळला असेल. ते पहार घेऊन आले. मी नको म्हटलं. कडी तोडून घुसले तर तिचा जीव जाईल भीतीने. आणि आतलीचं म्हणणं खरं ठरेल.

दुपारी दोन

आत हसताहेत दोघी.

तिला सगळं येतं. माझं लहानपण येतं. आईनेच सांगितलेलं. मी एक वाक्य बोलले की ती दोन बोलते आणि गोड बोलते. बोलण्यात मी हरणार. मला त्या बाबतीत कधी कुणी हरवलं नव्हतं.

तर आता बोलणार नाही. एक शब्द नाही. म्हणून लिहिते आहे, पायरीवर बसून. कागद तिला ऐकू येत नाही.

दाराशेजारी खिडकी आहे. चार वाजता आई झडप उघडते आणि आकडा अडकवायला गजांतून हात बाहेर काढते. वर्षानुवर्षं. तिथेच बसून राहायचं.

पावणेचार

भाभींनी पाणी दिलं. मान हलवली फक्त. आत ती सांगते आहे, आई, आज खिडकी उघडू नकोस. आई म्हणाली, अगं गुदमरतंय. ती पुन्हा म्हणाली. 

उघड. आई, उघड.

चार

झडप हलली —

हात. वाळलाय. धरला. डाव्या हाताने धरलाय, उजव्याने लिहिते. आई दचकली, ओढला तिने, मी सोडला नाही. दाबलाही नाही, नुसता धरला. आता ओढत नाही. माझी बोटं चाचपते आहे, एकेक. नखं. मनगट —

ती आतून विचारते, आई, कोण आहे गं. माझ्याच आवाजात. आई, सोड. आई, लगेच सोड. मोठ्याने. पहिल्यांदाच ओरडते आहे ती —

मी बोलणार नाही. तोंडात पदर कोंबलाय —

आई माझा हात गालाला लावते आहे. आणि म्हणतेय, तिला, आतलीला — तू जरा गप बस गं, मला हिचा हात —