मधी काय बी न्हाय

प्रिय काकू,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. वाचून दाखवायला आमचा महादेवच लागला असता, आणि तो निम्मं गाळून वाचतो. आज लिहिते, कारण तामलवाडीच्या शेतात तुमची समाधी पाहून आले आणि तेव्हापासून राग घशाखाली उतरत नाही.

सोलापूरहून मी पोचेपर्यंत माती लोटून झाली होती. काका लिंबाखाली आणि तुम्ही पार विहिरीच्या कोपऱ्यात! का, तर लिंबाजवळून ठिबकची पाइप गेलीय. माझ्या सख्ख्या भावानं, महादेवनं हे केलं. जाब विचारला तर म्हणतो, "जवळच आहे की, अक्का. एकाच शेतात तर आहेत."

जवळ! काकू, आठवतं तुम्हाला? निजामाचा अंमल होता. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते. काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझं इंग्रजी ऐकून घ्यायला घरात तुमच्याशिवाय होतं कोण? भाकरी थापता थापता तुम्ही विचारलंत, आज कोणता शब्द? मी म्हटलं, बिसाइड. नियर म्हणजे जवळ, विहीर घराच्या नियर. बिसाइड म्हणजे अगदी लगत. आमच्या सिस्टर दोन मुलींना खांद्याला खांदा लावून उभं करायच्या; तिसरी मधे घुसली की बिसाइड संपलं. परात चुलीच्या बिसाइड. मी तुमच्या बिसाइड.

तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत. "म्हंजी मधी काय बी न्हाय. मग गिरिजा, मी गेल्यावर मला ह्यांच्या बिसाइड बसवा."

आपण लिंगायत, माणसाला बसवूनच मातीच्या हवाली करतो. पण तेव्हा मला तुमच्या तोंडच्या इंग्रजीचंच हसू आलं. तुम्हीही हसलात.

पुढं रझाकारांच्या भीतीनं गाव सोलापूरकडे निघालं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी गाडी जुंपली, रागावले, शेवटी हात जोडले. तुम्ही चढला नाहीत. ह्यांना एकटं टाकून कसं येऊ, एवढंच म्हणालात. निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही परतलो, तर घराचं दार मोडलेलं आणि लिंबाखालचा काकांच्या समाधीचा ओटा ताजा सारवलेला. तुम्ही कुठं लपलात, काय खाल्लंत, कधी कुणाला सांगितलं नाहीत. जीव धोक्यात घालून राखलेली जागा, काकू, पाइपला दिली महादेवनं!

एक तक्रार तुमच्यावरही आहे. महादेवला का नाही बजावलंत? त्याला वाढवलंत, त्याची पोरं सांभाळलीत, आणि स्वतःसाठी एवढीशी जागा मागायला लाजलात? की गिरिजाला सांगून ठेवलंय, म्हणजे झालं, असं वाटलं तुम्हाला?

हाच विचार मला छळतोय.

एकदा बसवलेल्या माणसाला उठवायचं नसतं, असं मठाचे स्वामी म्हणाले. नाहीतर मी स्वतः कुदळ घेतली असती. काकांच्या बिसाइड आता तुम्हाला नेता येणार नाही. पण तुमची उजवी बाजू अजून मोकळी आहे. मला ना नवरा, ना मूलबाळ. स्वामींसमोर महादेवकडून वदवून घेतलंय, ती जागा माझी. तोवर तिथं पाइप येणार नाही, बांध येणार नाही. मी येईन, काकू, आणि खांद्याला खांदा लावून बसेन. मधी काय बी न्हाय.

तुमची,
गिरिजा