तिसऱ्या मजल्यावरचा करडा ठिपका

आदरणीय साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तुमची मेहुणी माझ्याशी बोलत नाही आणि मला झोप लागत नाही, एवढं सोडलं तर. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा रक्तदाब? ताईंनी आज सकाळी फोनवर सांगितलं की तुम्ही चार दिवस खिडकीपाशी बसून आहात आणि काही विचारलं की "काही नाही" म्हणता. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. हाताने लिहितोय, कारण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काहीही केलं की त्याची नोंद होते आणि ती नोंद ठेवण्याची नोकरी माझीच आहे. (पेन सासऱ्यांनी दिलेलं. त्यांनी थोरल्या जावयाला चांगलं दिलं आणि मला गळकं, तेव्हा डागांकडे दुर्लक्ष करावं.) पत्र तुमच्या मेहुणीच्या हाती पाठवतोय. ती दुसऱ्याचं पाकीट उघडत नाही असं तिचं म्हणणं आहे, तरी डिंक जरा जास्तच लावलाय.

तर, तुमच्या हाती पडलेली नोटीस. 'आपल्या टेबलावर गेले एकवीस दिवस काम झाल्याचे दिसून येत नाही, सोमवारी सकाळी दहा वाजता खुलासा करावा, अन्यथा आपली जागा रद्द समजण्यात येईल.' ही नोटीस कशामुळे निघाली, हे फक्त एका माणसाला माहीत आहे आणि त्याच्या बोटांना आत्ता शाई लागली आहे. साडूभाऊ, ती माझी चूक आहे. सत्तावीस वर्षांची तुमची नोकरी माझ्या एका आकड्यामुळे जायची वेळ आली आहे. रागवायचं असेल तर इथेच रागवून घ्या, पुढे बरंच वाचायचं आहे.

तुम्हाला हे तांत्रिक वाटेल, पण फार अवघड नाही. तळमजल्यावर माझ्या खोलीत जे मोठं मशीन घरघरतं, तो सर्व्हर. त्याला हजारो दारं असतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. त्या दाराला पोर्ट म्हणतात. प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मी एक छोटा प्रोग्राम बसवलेला आहे. तो दर दहा मिनिटांनी ठरलेल्या नंबरच्या दारावर टकटक करतो आणि सांगतो की मी चालू आहे, माझ्यावर अमुक काम चाललं आहे. दार उघडलं की माझ्या पडद्यावर त्या टेबलाचा ठिपका हिरवा होतो, नाहीतर करडा राहतो. अट एकच. दारावर जो आकडा, तोच टकटक करणाऱ्याकडे हवा. दोन्हीकडे सारखा आकडा लिहायचा, बस्स. पहिलीतलं पोरही हे करील. म्हणूनच बहुधा ते माझ्यावर सोपवलं होतं.

झालं असं की थोरल्या साहेबांना नवी वेबसाइट हवी होती आणि ती बनवणाऱ्यांना ८०८० हाच नंबर हवा होता. तो आपल्या टेबलांचा. साहेबांनी विचारलं, तुमच्या टेबलांना दुसरं दार चालणार नाही का? मी म्हणालो, चालेल. (मी आजवर एकाही साहेबाला 'चालणार नाही' म्हटलेलं नाही. लग्न ठरतानाही नाही.) मी टेबलांसाठी ८०९० उघडलं, सगळ्या कॉम्प्युटरांना हुकूम सोडला की उद्यापासून नव्या दारावर या, संध्याकाळी जुनं दार वेबसाइटच्या ताब्यात दिलं आणि कॉलर ताठ करून घरी गेलो. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर वायरिंगचं काम होतं, तिथले तेवीस कॉम्प्युटर बंद होते आणि माझा हुकूम त्यांच्या कानावर पडलाच नव्हता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा मजला चालू झाला आणि इमानेइतबारे जुन्याच दारावर टकटक करू लागला. तिथे आता वेबसाइट बसलेली. ती दर दहा मिनिटांनी तेवीस टेबलांना अदबीने सांगत होती की आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही. एकवीस दिवस हा संवाद चालला. मला तेवीस करडे ठिपके दिसत होते. मी रजिस्टरात लिहिलं, 'वायरिंग चालू', आणि चहा प्यायला गेलो. पुढे मनुष्यबळ खात्याच्या बाईंनी रिकाम्या टेबलांची यादी मागितली. मी छापून दिली. खरं सांगायचं तर छपाई पहिल्याच फटक्यात नीट आली याचाच मला आनंद झाला होता. यादी वाचली नाही. तुम्ही रोज सकाळी माझ्या दारासमोरून जिना चढून जात होता, मला हात करत होता, तरीही यादीतल्या करड्या ठिपक्यावर माझा विश्वास होता.

मंगळवारी नोटिसा निघाल्या आणि तिसरा मजला खाली उतरला. टायपिस्टबाई माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या की मी इथे मेले तरी तुमचा ठिपका हिरवा राहील आणि जिवंत असले तर करडा. त्यात तथ्य होतं. मनुष्यबळ खात्याच्या बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हे कशामुळे? आणि साडूभाऊ, मी म्हणालो, वायरिंग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या हाताने दिली. वायरमनचं काम त्याच दुपारी काढून घेतलं. हत्यारं गोळा करताना तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, पहिला दिवस सोडला तर तिथं एकही टेबल बंद नव्हतं. मी शिडीवरून बघत होतो." मी शिडीकडे पाहत राहिलो. मला कायम व्हायला दोन महिने उरलेत आणि ही नोकरी तुम्ही शब्द टाकलात म्हणून मिळाली आहे, हे त्याला कसं सांगणार?

त्या गोंधळात फक्त तुम्ही खाली आला नाहीत. नोटीस घडी करून खिशात ठेवली, पिशवी घेतली आणि गेलात. सगळे म्हणाले, थोरल्या जावयाचा ताठा, दुसरं काय. ताई म्हणतात, आठ महिने ज्या माणसाला कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, त्याच्यावर रिकामं बसल्याचा आळ आला, तो बोलणार तरी काय. मीही तसंच समजत होतो.

असो. दोन दिवस खपून मी तिसऱ्या मजल्यावरची सगळी टेबलं हाताने नीट केली आहेत. ठिपके हिरवे झाले, नोटिसा मागे घेतल्या गेल्या. तेव्हा काळजी नसावी. ताईंना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यावा, मुलांना आशीर्वाद. गळक्या पेनाचा आणि गळक्या डोक्याचा,

आपला धाकटा साडू

ता. क. वर 'सगळी टेबलं' लिहिलंय, ते खरं नाही. बावीस केली. एक ठेवलं. ते तुमचं आहे. नोटीसही तेवढी एकच उरली आहे.

ता. क. दोन. का ठेवलं ते सांगतो. प्रोग्रामला दार सापडलं नाही तर तो नोंदी फेकून देत नाही, साठवून ठेवतो. आकडा बरोबर केला की एकवीस दिवसांचं सगळं एकदम वर जातं. तुमच्या टेबलापाशी बसलो तेव्हा दहा पेन्सिली दिसल्या, सगळ्यांना टोक केलेलं, सगळ्या अजून सारख्याच लांबीच्या. मग मी नोंदी उघडल्या. (इतरांच्या पाहिल्या नाहीत. एकदोन पाहिल्या.) रोज आठ बावन्नला कॉम्प्युटर सुरू. दोन तास पत्त्यांचा खेळ. मग एक फाइल, 'कामासाठी विनंती'. दुसऱ्या दिवशी 'कामासाठी विनंती सुधारित'. मग 'विनंती अंतिम', 'विनंती अंतिम सुधारित', 'विनंती खरोखर अंतिम'. एकवीस दिवस हेच. प्रोग्राम फक्त नाव टिपतो, मजकूर वाचत नाही. मीही वाचला नाही. पाठवल्याची नोंद कुठेच नाही. ऑफिस साडेपाचला सुटतं, तुमचा कॉम्प्युटर रोज सहा दहाला बंद झालेला आहे. ती चाळीस मिनिटं घरी उशिरा पोचण्यासाठी होती, हे मला कळलं आणि मी तुमच्या खुर्चीवरून उठलो. तुमच्या खात्याचं काम आठ महिन्यांपूर्वी ज्या नव्या सॉफ्टवेअरवर गेलं, ते बसवलंही मीच होतं.

म्हणजे नोटीस आली तेव्हा तुम्हाला वाटलं की मशीनला कळलं. म्हणून तुम्ही गप्प. साडूभाऊ, मशीनला काहीही कळलं नव्हतं. ते नुसतं चुकीच्या दारावर टकटक करत होतं. आता मी आकडा बदलला तर तुम्ही रोज हजर होता हे सिद्ध होतं, पण बाकीचंही सगळं बाईंच्या पडद्यावर येतं आणि तासाभरात घरी कळतं. (आपल्या सासुरवाडीत बातमी पोचायला पोर्ट लागत नाही.) नाही बदलला, तर झाकली मूठ राहते आणि खुर्ची जाते.

ता. क. तीन. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता. माझ्याही कॉम्प्युटरवर एक फाइल आहे. तिच्यात आकडा माझा चुकला आणि वायरमनचा काही दोष नाही, एवढंच लिहिलं आहे. ती गेली की मला कायम करायचा प्रश्न मिटेल. मंगळवारी तिचं नाव 'खुलासा' होतं. आज 'खुलासा अंतिम सुधारित चार' आहे. सासऱ्यांनी दोन्ही जावई काय पाहून निवडले, देव जाणे.

सोमवारी साडेनऊला मी तिसऱ्या मजल्यावर तुमच्या टेबलापाशी असेन. नाही आलात तरी ताईंना माझ्याकडून एक अक्षर कळणार नाही. पण या. तुम्ही तुमची विनंती पाठवा, मी माझा खुलासा पाठवतो, मग तो आकडा तुमच्यासमोर बदलू. एकट्याने माझ्याच्याने होत नाही, चार दिवस करून पाहिलं. खुर्ची एकच आहे. तुम्ही बसा, मी उभा राहीन.