सत्काराआधीची नांगरट

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

तीर्थस्वरूप रामभाऊमामांस दिनानाथचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? मामींचा खोकला आणि तुळशीवहिनींचा ट्रॅक्टर दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे नीलिमा ठणठणीत आहे. मला सध्या बसता येत नाही, म्हणून हे पत्र उभ्यानेच, फ्रिजवर कागद ठेवून लिहितो आहे.

कारण तसं आनंदाचं आहे. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात यंदा माझा सत्कार आहे. वर्गातला एक जण बियाण्यांच्या कंपनीचा मालक झाला, एक परदेशात द्राक्षांवर व्याख्यानं देतो. त्यांचे सत्कार उरकल्यावर समितीला सोसायटीच्या गच्चीवर दुधी पिकवणारा मी सापडलो. पण तिथली जुनी रीत अशी, की सत्कारमूर्तीने आधी कॉलेजच्या शेतात या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगराचं एक तास मारायचं, मगच शाल. त्या तासात मुलं वाल पेरतात आणि शेजारी त्याच्या नावाची पाटी रोवतात. रेघ वाकडी गेली तर वालही वाकडे उगवतात, आणि येणारा-जाणारा वर्षभर पाटी वाचतो. मामा, मला खरंच धास्ती वाटते. अंबरनाथच्या कारखान्यात खुर्ची झिजवण्यात जन्म गेला. नावाची पाटी एकदाच लागणार, तिचं तरी हसं होऊ नये.

म्हणून सराव करायचा ठरवला. तुम्ही तर बैल विकलेत, म्हणून ओळखीच्या कैलासची शर्यतीची जोडी मागून आणली. (पळणारे बैल नांगरतीलही लवकर, असा मी पदवीधर डोक्याने विचार केला.) कैलास म्हणाला, "सायेब, नांगराच्या वजनानं दमतील ना आपोआप." सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत जोडी गरिबासारखी उभी राहिली. तेवढ्यात गुरं आत आणायला मनाई म्हणून आमच्या वॉचमनने शिट्टी फुंकली. कैलासची जोडी शिट्टीवरच सुटायला शिकलेली.

पुढचं बरंचसं मी आडवा होऊन, नांगरामागे घसटत पाहिलं. सेक्रेटरी उन्मेष यांनी परवाच उद्घाटन केलेली हिरवळ मधोमध उकलत आम्ही गेटबाहेर गेलो, आणि बनूबाईंच्या भाजीच्या गाडीशी मेथी दिसल्यावर बैल थांबले. नीलिमा गॅलरीतून ओरडत होती, "अहो, सोडा तो नांगर!" पण काही झालं तरी मूठ सोडायची नाही, हे लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना? उन्मेष यांनी एक डोळा मिटून हिरवळीतली चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग म्हणाले, "रेघ मात्र सरळ आलीय हो." आता तिथे मेथी पेरायचं ठरलं आहे. मामींना नमस्कार.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. आत्ताच कॉलेजचा निरोप आला. बैल मिळत नाहीत, म्हणून यंदापासून तास ट्रॅक्टरने मारायचं. मला ट्रॅक्टर येत नाही. तुळशीवहिनींना रविवारी मेळाव्याला पाठवाल का? मी मडगार्डवर बसेन (बसता आलं तर).

ता. ता. क. नीलिमाने पत्र वाचलं. ती म्हणते, तास वहिनी मारणार तर पाटीवर नावही वहिनींचंच हवं. आणि दुधी गच्चीवर तिने लावले, मी फक्त पाणी घातलं, तेही तिने आठवण केल्यावर. तेव्हा पाटी लांब करा, असं कॉलेजला कळवतो आहे. वहिनींना सांगा, रेघही तिघांना पुरेल एवढी लांब मारा.